सरकारी जमिनी आणि इमारतींची नोंदवही नव्याने करायची आहे, सुरुवात कुठून?

प्रश्न विचारणारे: दप्तरी (उत्तर देणाऱ्यांची टोपणनावं प्रत्येक उत्तराच्या वर आहेत)

एका सार्वजनिक संस्थेच्या मालकीच्या चारशेच्या आसपास मिळकती आहेत. मोकळे भूखंड, कार्यालयं, शाळा, दवाखाने, गोदामं, निवासस्थानं, भाड्याने दिलेले गाळे असं सगळं त्यात आलं. नोंदी तीन ठिकाणी आहेत: मालमत्ता विभागाची नोंदवही, लेखा विभागाची स्थिर मालमत्तेची यादी आणि बांधकाम विभागाच्या दुरुस्तीच्या फायली. तिन्हींची बेरीज वेगवेगळी येते. काही इमारती पाडून झाल्या तरी लेखा विभागात त्यांचा घसारा (वापरामुळे दरवर्षी कमी धरली जाणारी किंमत) चालूच आहे. काही भाडेपट्ट्यांची मुदत कधीच संपली, पण भाडं जुन्याच दराने जमा होतंय. एक-दोन भूखंडांवर नेमका ताबा कोणाचा हेच कागदावरून कळत नाही.

आता एका वर्षात एकच विश्वासार्ह नोंदवही करून त्यावर निर्णय घ्यायचे आहेत. सल्लागारांची सादरीकरणं पाहून झाली. प्रत्येकाचं उत्तर शेवटी सॉफ्टवेअर विकत घ्या इथेच येतं. म्हणून प्रत्यक्ष काम केलेल्यांना विचारतोय:

१. आधी सगळ्यांची मोजणी करायची की आधी कागद लावायचे?
२. नोंदीत किमान काय हवंच?
३. मुदत संपलेल्या भाडेपट्ट्यांचं काय करायचं?
४. रिकाम्या इमारती ठेवायच्या, भाड्याने द्यायच्या की विकायच्या, हे कशावर ठरवायचं?
५. वर्षभराने ही वहीसुद्धा जुन्यांसारखी होऊ नये यासाठी काय?

---

हद्दखुणा

मोजणीने सुरुवात करू नका. सर्वांत महाग काम तेच आहे, आणि काय मोजायचं हे ठरण्याआधी केलं तर पुन्हा करावं लागतं. पहिले दोन-तीन महिने नुसती यादी जुळवण्यात घालवा, आणि तीही मालकीच्या कागदांवरून नको, पैशाच्या वाटेने.

पाच याद्या मागवा: मालकीचे दस्त, लेखा विभागाची मालमत्ता यादी, वीज आणि पाण्याच्या जोडण्यांची यादी, भाडेवसुलीचं खातं, मागच्या पाच वर्षांची दुरुस्तीची देयकं. सगळ्या एका तक्त्यात आणून कोणती मिळकत कोणत्या यादीत दिसते एवढ्याच खुणा करा. खरी माहिती रिकाम्या चौकटींतून मिळते. विजेचं बिल आपण भरतोय पण मिळकत यादीत नाही, याचा अर्थ नोंद न झालेली इमारत किंवा आपल्या मीटरवर जगणारा दुसराच कोणी. मिळकत यादीत आहे पण वर्षानुवर्षं एकही बिल नाही, तर ती रिकामी आहे, पाडलेली आहे किंवा बिल भरणारा दुसरा कोणी आत बसला आहे. भाडं येतंय पण करारच नाही, तर ती फाइल त्याच दिवशी वेगळी काढा. दुरुस्तीवर खर्च झालाय पण मालकीचा कागद नाही, हे तर सर्रास सापडतं. पाहणीला आधी याच विसंगत मिळकतींवर जा. जुळलेल्या मिळकती थांबू शकतात.

नोंदीची रचना करताना जमीन आणि इमारत या दोन वेगळ्या नोंदी ठेवा. एका भूखंडावर सहा इमारती असतात, आणि एक इमारत दोन भूखंडांवरही पसरलेली असते. दोन्ही एकाच ओळीत कोंबलं की क्षेत्रफळ दोनदा मोजलं जातं किंवा इमारत पाडल्यावर तिच्याबरोबर जमीनही यादीतून गायब होते. तुमच्या तीन बेरजा न जुळण्याचं हे एक मोठं कारण असणार.

क्रमांक निरर्थक ठेवा. अनेकांना क्रमांकातच खात्याचा संकेत, विभागाचा संकेत, वापराचा संकेत घालण्याचा मोह होतो. खात्यांची पुनर्रचना झाली, शाळेचं गोदाम झालं, की क्रमांक खोटं बोलू लागतो आणि मग कोणीतरी तो बदलतो. साधा अनुक्रमांक द्या. मिळकत विकली किंवा पाडली तरी तो पुन्हा वापरायचा नाही, नोंद पुसायची नाही. फक्त स्थिती बदलायची आणि तारीख टाकायची.

रकाने वीसच्या आत ठेवा. शंभर रकान्यांचा तक्ता पहिल्या महिन्यातच अर्धा रिकामा राहतो, आणि रिकामा रकाना दिसला की लोक भरलेल्यावरही विश्वास ठेवत नाहीत. क्षेत्रफळ, स्थान, वापर, ताबा कोणाचा, खर्च कोण करतं, बोजा किंवा दावा आहे का, हे हवंच. त्याशिवाय सहसा कोणी ठेवत नाही असे दोन रकाने मी सक्तीचे करेन. पहिला, पुराव्याचा दर्जा: मालकीचा दस्त आणि मोजणी दोन्ही आहे तर अ, दस्त आहे पण हद्द मोजलेली नाही तर ब, फक्त वहिवाट आहे तर क. दुसरा, शेवटची प्रत्यक्ष पाहणी कोणी आणि कधी केली. ‘माहिती उपलब्ध नाही’ हे उत्तर चालेल, पण ते लिहिलेलं हवं; कोरी चौकट चालणार नाही.

मोजणीबद्दल. मिळकत कुठे आहे हे दाखवायला फोनचं जीपीएस पुरतं, मोकळ्या आकाशाखाली साधारण ३ ते १० मीटरची चूक धरायची. हद्दीसाठी ते अजिबात वापरू नका. आरटीके पद्धतीच्या (जवळच्या स्थिर केंद्रावरून उपग्रहाची चूक दुरुस्त करणाऱ्या) उपकरणाने दोन-तीन सेंटिमीटरपर्यंत अचूक बिंदू मिळतो, पण ती अचूकता उपकरणाची आहे, नकाशाची नाही. मूळ नकाशा १:४००० प्रमाणाचा असेल आणि त्यावरची रेघ अर्धा मिलिमीटर जाड असेल, तर जमिनीवर ती रेघच २ मीटर रुंद झाली. अशा नकाशावरून दीड मीटरचं अतिक्रमण ठामपणे सांगता येत नाही, आणि समोरचा वकील हे बरोबर पकडतो. जुना नकाशा स्थानिक डेटमवर (अक्षांश-रेखांश मोजायच्या वेगळ्या आधारावर) असेल आणि तो तसाच उपग्रह प्रतिमेवर चढवला तर सगळी वसाहतच सरकलेली दिसते, शंभर मीटरहून जास्तसुद्धा. म्हणून आधी नकाशातला न हललेला बिंदू शोधा. जुनी विहीर, पुलाचा कोपरा, मूळ हद्दीचा दगड असे किमान चार बिंदू, शक्य तितके दूरदूर, दोन्हीकडे जुळवा. मगच हद्द आखा.

---

खर्चाचा कागद

वर लिहिलेलं पटलं, एक दुरुस्ती. मालकीचे कागद मागे ठेवलेत ते ठीक, पण दावा चालू असलेल्या मिळकती पहिल्याच आठवड्यात वेगळ्या काढा. त्या जुळवणीच्या रांगेत अडकल्या तर न्यायालयातली तारीख हातची जाते.

माझा मुद्दा इमारतींचा. नोंदवहीत बहुतेकजण मूळ खर्च आणि घसारा ठेवतात. हिशेबाला ते लागतं, पण निर्णयाला उपयोग शून्य. चाळीस वर्षांपूर्वीच्या इमारतीचं पुस्तकी मूल्य जवळपास संपलेलं असतं, म्हणून ती फुकट आहे असं वाटतं. हवी ती पुनर्बांधणी किंमत, म्हणजे तीच सोय आज उभी करायला काय लागेल तो आकडा. त्याच्या शेजारी थकलेल्या दुरुस्तीचा खर्च. दुसऱ्याला पहिल्याने भागलं की फॅसिलिटी कंडिशन इंडेक्स, म्हणजे इमारतीच्या स्थितीचा निर्देशांक मिळतो. ही कल्पना अमेरिकेतल्या विद्यापीठांच्या व्यवस्थापनातून १९९१ च्या सुमारास रूढ झाली. प्रचलित टप्पे असे: ५ टक्क्यांच्या आत चांगली, ५ ते १० मध्यम, १० च्या वर वाईट.

दुरुस्तीची तरतूद किती असावी यावर अमेरिकेच्या नॅशनल रिसर्च कौन्सिलने १९९० मध्ये सुचवलेला पट्टा आजही वापरला जातो: एकूण पुनर्बांधणी किमतीच्या वर्षाला २ ते ४ टक्के. तो मोठ्या इमारतसमूहाची सरासरी म्हणून दिलेला आहे, एकेका इमारतीला लावायचा नाही. किंमत १०० धरली आणि वर्षाला २ ऐवजी फक्त ०.५ खर्च होत राहिला, तर वीस वर्षांत तूट ३० ची. प्रत्यक्षात थकबाकी याहून वेगळी निघते, कारण काही भाग वेळेत केलेल्या किरकोळ डागडुजीवर तरतात आणि काही एकमेकांना बुडवतात.

गच्चीवरच्या पावसाच्या पाइपाचं तोंड घ्या. जाळी तुटलेली असते, पानं आणि गिलाव्याचे तुकडे तिथे अडकतात, चार बोटं पाणी साचतं. पाणी आधी पाइप आणि स्लॅबच्या सांध्यातून उतरतं, कारण तिथलं वॉटरप्रूफिंग नेहमीच कच्चं असतं. खालच्या खोलीत छताला पिवळा डाग दिसतो, रंगकाम होतं. दोन पावसाळ्यांनी सळई गंजते, गंजाने फुगते आणि काँक्रीटचं आवरण खपल्यांसारखं सुटतं. आता काम वॉटरप्रूफिंगचं राहिलेलं नसतं, संरचनेचं झालेलं असतं. एक जाळी आणि वर्षातून दोनदा साफसफाई एवढ्यावर भागलं असतं. तपासणीच्या अर्जात ‘छत: चांगले/वाईट’ असा रकाना असेल तर हे कधीच सापडत नाही. प्रश्न असा हवा: प्रत्येक पर्जन्य-निचऱ्याच्या तोंडाचा फोटो, जाळी आहे का, आजूबाजूला पाणी साचल्याची रेघ किती उंच.

म्हणून इमारत अखंड धरू नका, भागांत तोडा: सांगाडा, छत, दर्शनी भिंती, वीज, पाणी-सांडपाणी, लिफ्ट, अग्निसुरक्षा. प्रत्येकाचं आयुष्य वेगळं. छताचं वॉटरप्रूफिंग १० ते १५ वर्षं, लिफ्ट २० ते २५, सांगाडा नीट राखला तर ५० च्या पुढे. सार्वजनिक क्षेत्राच्या आंतरराष्ट्रीय लेखामानकांतही मोठे भाग वेगळे धरून घसारा काढायचा असतो. आयपीएसएएस १७ च्या जागी आलेलं आयपीएसएएस ४५ हे १ जानेवारी २०२५ पासून लागू आहे, त्यातही ही अट आहे. म्हणजे लेखा विभाग आणि बांधकाम विभाग एकाच भागयादीवर काम करू शकतात, दोन याद्या कराव्या लागत नाहीत. पाडलेल्या इमारतीचा घसारा चालू राहण्याचं कारणही इथेच सापडेल: पाडकामाचा आदेश बांधकाम विभागाकडे संपतो, निर्लेखनाचा (हिशेबातून मालमत्ता काढून टाकण्याचा) प्रस्ताव लेखा विभागापर्यंत जातच नाही. पाडकामाचं शेवटचं देयक मंजूर करताना निर्लेखन क्रमांक सक्तीचा करा, गळती बंद होते.

निर्देशांकाची एक मर्यादा सांगतो. सरासरी ६ टक्के म्हणजे सगळं मध्यम असं नव्हे. नव्या इमारतींनी सरासरी खाली ओढलेली असते आणि एका दवाखान्याचा अग्निशमन पंप बंद असतो. जिवाला धोका असलेले दोष निर्देशांकात मिसळूच नका, त्यांची वेगळी यादी आणि वेगळी मुदत.

---

पट्टेदार

तिसऱ्या प्रश्नाला उत्तर.

मुदत संपलेल्या पट्ट्यात सर्वांत धोकादायक गोष्ट म्हणजे ती ‘भाडं जुन्याच दराने जमा होतंय’ ही. अनेक देशांच्या कायद्यांत मुदत संपल्यावर मालकाने नेहमीसारखं भाडं स्वीकारलं की ताब्याला संमती दिली असा अर्थ काढता येतो आणि भाडेकरार पुढे चालू राहतो. रोखपाल पावती फाडतो आणि मालमत्ता विभागाचा खटला तिथेच लंगडा होतो. त्यामुळे आज करायचं काम एकच: मुदत संपलेल्या पट्ट्यांची यादी रोखपालाकडे द्या आणि पुढची रक्कम ‘भाडे’ या शीर्षाखाली न घेता ‘वापराची नुकसानभरपाई, हक्कांस बाध न येता’ अशा शब्दांत घ्या. नेमके शब्द विधी अधिकाऱ्याकडून ठरवून घ्या, कारण इथे एका शब्दाने बाजू पलटते. जमाखर्चाच्या संगणकीय प्रणालीतून आपोआप पावती निघत असेल तर तीसुद्धा बदला. हे हमखास राहून जातं.

मग यादीचे तीन गठ्ठे. ज्यांना नूतनीकरणाचा करारातच हक्क आहे आणि ज्यांनी वेळेत अर्ज केला आहे, त्यांच्या बाबतीत उशीर आपला आहे, त्यांच्यावर दंड लावायला जाऊ नका. ज्यांना हक्क नाही पण वापर योग्य आहे, त्यांच्यासाठी नवं मूल्यांकन आणि खुली स्पर्धा. ज्यांनी पोटभाडेकरू ठेवलाय किंवा वापर बदललाय, त्यांची आधी जागेवर पाहणी. गाळ्यात कोण बसलंय, पाटीवर नाव कोणाचं, वीजजोडणी कोणाच्या नावावर, हे तिन्ही एकाच पंचनाम्यात घ्या.

पुढे हे होऊ नये म्हणून स्मरणाच्या तारखा मुदतीच्या शेवटापासून उलट्या मोजा. २४ महिने आधी: ही जागा आपल्यालाच लागणार आहे का, असं सगळ्या खात्यांना विचारायचं. १८ महिने आधी मूल्यांकन. १२ महिने आधी निर्णय. ६ महिने आधी भाडेकरूला लेखी. तीन महिने आधी जागे झालात तर मुदतवाढ देण्याखेरीज काही करता येत नाही, आणि काहींना तेच हवं असतं.

भाडेवाढीचं कलम हिशेब करून लिहा. दर तीन वर्षांनी १० टक्के वाढ ऐकायला बरी वाटते. तीस वर्षांच्या पट्ट्यात शेवटच्या वर्षी भाडं मूळच्या २.३६ पट होतं. बाजारभाडं वर्षाला ५ टक्क्यांनी चढलं तर तेव्हा ते ४.१२ पट झालेलं असतं. म्हणजे शेवटी आपल्याला बाजाराच्या जेमतेम ५७ टक्के मिळतात, आणि उरलेला फरक पोटभाड्याच्या रूपाने पट्टेदाराच्या खिशात जातो. पोटभाडेकरू का सापडतात याचं निम्मं उत्तर हेच. हाँगकाँगमध्ये मे १९८५ नंतर दिलेल्या जमिनींच्या पट्ट्यांवर साधारणपणे मिळकतीच्या करयोग्य भाडेमूल्याच्या ३ टक्के इतकं वार्षिक भाडं असतं. मूल्य बदललं की भाडं आपोआप बदलतं, दर वेळी वाटाघाट नाही. अशी बाहेरच्या, आपल्या हातात नसलेल्या आकड्याला बांधलेली वाढ सर्वांत कमी भांडणाची.

पट्टा देताना सुरुवातीलाच एकरकमी अधिमूल्य घ्यायचं की वार्षिक भाडं, हा प्रश्नही येईलच. पहिल्या वर्षाचं भाडं १ धरा, वाढ ५ टक्के, मुदत ३० वर्षं. पुढे मिळणारी रक्कम वर्षाला १० टक्के दराने कमी करत आणली तर आजचं मूल्य साधारण १५ येतं, ८ टक्क्यांनी १९. नुसता दर दोन टक्क्यांनी हलवला की किंमत चौथ्या हिश्श्याहून जास्त हलते. त्यामुळे टिपणीत कोणता दर घेतला, कोणी ठरवला आणि का, हे लिहिलेलं हवं. आणि मूल्यांकनकार विक्री करणाऱ्या विभागाने नेमू नये. दोन स्वतंत्र मूल्यांकनांत १५ टक्क्यांहून जास्त फरक आला तर सरासरी काढून मोकळं होण्याची पद्धत वाईट आहे. दोघांपैकी एकाने क्षेत्रफळ किंवा परवानगी असलेला वापर चुकीचा धरलेला असतो, तो शोधा.

---

मोकळी खोली

चौथ्या प्रश्नात ‘रिकाम्या इमारती’ म्हटलंय. पूर्ण रिकामी इमारत लगेच दिसते. पैसा खाते ती अर्धी रिकामी, कारण तिचे दिवे, पहारा, सफाई, लिफ्ट सगळं पूर्ण चालू असतं. अमेरिकेच्या गव्हर्नमेंट अकाउंटेबिलिटी ऑफिसने २४ संघीय संस्थांची मुख्यालयं तपासली. २०२३ च्या जानेवारी, फेब्रुवारी, मार्चमधला प्रत्येकी एक आठवडा घेतला. २४ पैकी १७ ठिकाणी सरासरी वापर क्षमतेच्या अंदाजे २५ टक्के किंवा त्याहून कमी निघाला. तिथे सरकारी मिळकतींचं व्यवस्थापन २००३ पासून जोखमीच्या विषयांच्या यादीत आहे, आणि कारणांमध्ये बिनकामाच्या जागा आणि अविश्वसनीय नोंदी आहेत.

वापर मोजायला महागडे सेन्सर लागत नाहीत. तीन वेगवेगळ्या महिन्यांतला एकेक साधा आठवडा निवडा, दिवसातून तीन वेळा प्रत्येक मजल्यावर डोकी मोजा, बैठकीच्या खोल्या वेगळ्या धरा. हजेरीपटावरून मोजू नका. तो पगारासाठी असतो. सणासुदीचा किंवा अर्थसंकल्पाचा आठवडा टाळा. ब्रिटनच्या केंद्र सरकारने कार्यालयांसाठी आधी माणशी १० आणि मग ८ चौरस मीटरचं लक्ष्य ठेवलं होतं. तो आकडा जसाच्या तसा उचलू नका, अभिलेखागार किंवा जनतेची खिडकी असलेल्या कार्यालयाला तो लागू होत नाही. पण माणशी २५ चौरस मीटर निघाले तर तिथे एक आख्खा मजला मोकळा होऊ शकतो हे समजायला पुरतो.

जागा मोकळी झाली की आधी इतर खात्यांना विचारावं लागेल. त्याला मुदत घाला, समजा ६० दिवस, आणि मागणी करणाऱ्या खात्याकडून वापराचा आराखडा आणि देखभालीचा खर्च लेखी घ्या. एरवी प्रत्येकजण ‘भविष्यात लागेल’ म्हणून नाव लावतो आणि इमारत दहा वर्षं कुलपात राहते. जागा फुकट मिळते तोवर ती कोणी सोडत नाही. वापरणाऱ्या खात्याच्या अंदाजपत्रकात जागेचं भाडं दाखवा, कागदोपत्री का होईना. त्यातून जागा सोडली तर वाचलेल्या रकमेचा काही भाग त्याच खात्याला राहू द्या.

विकण्याबाबत मी सावध आहे. विक्रीचा सगळा पैसा तिजोरीत गेला तर कोणतंही खातं आपली जागा जाहीर करत नाही. सगळा त्यालाच मिळाला तर सर्वांत मोक्याची जागा आधी विकली जाते आणि तुकडे-तुकडे उरतात. आणि विक्रीच्या पैशातून पगार किंवा चालू खर्च भागवायचा नाही, हे ठरावातच लिहा. पुढच्या तीस वर्षांत रस्ता, शाळा, जलकुंभ यांसाठी तिथे जमीन लागण्याची शक्यता असेल तर भाडेपट्टाच बरा. परत विकत घेताना किंमत आपली नसते.

निर्णय होईपर्यंत रिकामी इमारत ‘बंद’ करायची एक रीत आहे आणि ती कोणी पाळत नाही. पाणी मुख्य झडपेवर बंद करून टाक्या आणि वाहिन्या रिकाम्या करायच्या. वीज फक्त बाहेरचे दिवे, अग्निसूचना आणि तळघर असेल तर पाणी उपसायचा पंप यांपुरती. फायली आणि ज्वलनशील सामान बाहेर. छताचे निचरे मात्र चालू इमारतीसारखेच साफ होत राहिले पाहिजेत, कारण आत गळती पाहायला आता कोणी नाही. आठवड्यातून एक फेरी, ठरलेल्या सहा-सात ठिकाणचे तारखेसह फोटो. विमा असेल तर इमारत रिकामी झाल्याचं विमा कंपनीला कळवा. न कळवल्यास दावा नाकारला जाण्याची शक्यता असते.

---

दप्तरी

सगळ्यांचे आभार. पावतीचा मुद्दा आजच विधी विभागाकडे पाठवला. दोन उपप्रश्न: अतिक्रमणाचं काय, आणि पाचवा प्रश्न राहिला.

---

हद्दखुणा

अतिक्रमणात नवं आणि जुनं हे दोन वेगळे विषय समजा. नवं म्हणजे जोत्यापर्यंत आलेलं किंवा नुकतंच घातलेलं कुंपण. ते दिवसांत हटतं, अट एवढीच की आधीच्या स्थितीचा तारखेसह पुरावा हवा. म्हणून मोकळ्या भूखंडाचे चारही कोपऱ्यांतून दर तीन महिन्यांनी फोटो, त्याच उभ्या राहण्याच्या जागेवरून. उपग्रह प्रतिमा मदतीला घ्या, पण झाडाखालची टपरी त्यात दिसत नाही.

जुन्यात आधी मुदतीचा कायदा, म्हणजे दावा किती वर्षांच्या आत करायचा हे ठरवणारा कायदा, पाहा. तो प्रत्येक देशात वेगळा, आणि सरकारी जमिनीला सगळीकडे सारखं संरक्षण नसतं. भारतात १९६३ च्या मुदत कायद्यानुसार केंद्र आणि राज्य सरकारच्या दाव्यांना ३० वर्षं मिळतात. स्थानिक संस्थेला मात्र ३० वर्षं फक्त सार्वजनिक रस्त्याच्या बाबतीत. बाकी जमिनीवर खासगी मालकासारखी १२ वर्षंच. जमीन सरकारची आहे म्हणून निवांत राहणाऱ्या स्थानिक संस्था इथेच फसतात. तुमची संस्था कोणत्या वर्गात मोडते हे पहिल्यांदा विधी विभागाकडून लेखी घ्या, आणि त्यानुसार प्रत्येक क दर्जाच्या मिळकतीपुढे ‘मुदत कधी संपते’ हा रकाना लावा.

नोटीस, म्हणणं मांडायची संधी, कारणांसह आदेश, मग कारवाई. हा क्रम चुकला की बाजू खरी असूनही स्थगिती येते. लोक राहत असतील तर पुनर्वसनाचा निर्णय आदेशाच्या आधी व्हायला हवा.

---

खर्चाचा कागद

पाचवा प्रश्न. नोंद बरोबर राहते ती वापरात असली तर. वहीत क्रमांक नाही त्या मिळकतीचं वीजबिल मंजूर होणार नाही, दुरुस्तीचं देयक निघणार नाही, भाड्याची पावती बनणार नाही, एवढं एक परिपत्रक काढा. मग दुरुस्त्या आपोआप येऊ लागतात, कारण ज्याचं बिल अडलं तो स्वतः धावत येतो. सुरुवातीचे दोन महिने आरडाओरड होईल, तेव्हा तात्पुरते क्रमांक देण्याचा अधिकार एकाच माणसाकडे ठेवा आणि तात्पुरत्याला ९० दिवसांची मुदत. दवाखान्यासारख्या ठिकाणी वीज तुटेल अशी वेळ आणू नका, तिथे बिल भरा आणि नोंद मागे लागून घ्या.

तपासणी दोन्ही दिशांनी. चारशे मिळकतींतून दरवर्षी वीस चिठ्ठ्या टाकून निवडा आणि वहीतून जागेवर जा: आहे का, तेवढीच आहे का, तोच वापर आहे का. दुसऱ्या वीस उलट्या: नकाशावर कुठलीही चौकट निवडा, तिथे दिसणारी प्रत्येक सरकारी वाटणारी जागा वहीत शोधा. पहिल्या दिशेने खोट्या नोंदी सापडतात, दुसऱ्या दिशेने सुटलेल्या. बहुतेक लेखापरीक्षणात फक्त पहिली होते. निवड मालमत्ता विभागाने करायची नाही. अमेरिकेच्या संघीय मिळकतींची यादी जनतेसाठी खुली केली, तेव्हा २०२० च्या तपासणीत तिच्यातले सुमारे ६७ टक्के पत्ते अपुरे किंवा चुकीच्या पद्धतीने लिहिलेले निघाले. एवढ्या मोठ्या यंत्रणेचं असं, म्हणून पत्त्याचा रकाना मोकळा लिहायला ठेवू नका. तुकडे करून ठरलेल्या याद्यांतून निवडू द्या आणि सोबत अक्षांश-रेखांश घ्या.

यादी प्रसिद्ध करा. क्षेत्रफळ, वापर, भाडेकरूचं नाव, भाडं, मुदतीची शेवटची तारीख. सुरक्षेचं कारण असलेल्या मिळकती वगळा, पण किती वगळल्या हा आकडा द्या. शेजारचा माणूस चूक जितक्या लवकर दाखवतो तितक्या लवकर कुठलीच तपासणी दाखवत नाही.

---

पट्टेदार

यात एक जोडतो. अधिकारी बदलतो तेव्हा कार्यभार हस्तांतरणात टेबल-खुर्च्यांची यादी असते, मिळकतींची नसते. येणाऱ्याने आणि जाणाऱ्याने दोघांनी सही करायची यादी द्या: आपल्या ताब्यातल्या मिळकती, पुढच्या २४ महिन्यांत संपणारे पट्टे, चालू दावे आणि त्यांच्या पुढच्या तारखा, नव्याने दिसलेली अतिक्रमणं. येणाऱ्याला ३० दिवसांत जागेवर जाऊन फरक कळवायची मुभा ठेवा. त्या ३० दिवसांत काही कळवलं नाही तर यादी त्याने मान्य केली असं समजायचं, आणि हे वाक्य यादीच्या खालीच छापलेलं असू द्या.